संशोधनाला येण्याआधी काय वाचाल? आणि आत्मचरित्र एकटं का वाचू नये



नेट-सेट झाली, पेटचा निकाल लागला, गाईडची शोधाशोध सुरू आहे. या मधल्या महिन्यांत बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात: "संशोधनाची मानसिक तयारी व्हावी म्हणून काय वाचू?" रिसर्च मेथडॉलॉजीची पुस्तकं त्यांना नको असतात. ती कोर्सवर्कला वाचावी लागणारच आहेत. त्यांना माणसांबद्दल वाचायचं असतं. एखाद्या शास्त्रज्ञाचं आत्मचरित्र, एखाद्या शोधाची गोष्ट, एखादं चांगलं इतिहासाचं पुस्तक.

आज अशाच पुस्तकांबद्दल लिहिणार आहे. पण आधी एक मुद्दा, कारण तो लक्षात न घेता ही पुस्तकं वाचली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होतो.

समजा तुम्ही शंभर नमुने तपासले, त्यातले पाच छान आले, आणि तुम्ही फक्त त्या पाचांवरून निष्कर्ष काढला. गाईड काय म्हणतील? पहिल्याच मीटिंगमध्ये झापतील. आता आत्मचरित्रांचा विचार करा. आत्मचरित्र लिहितं कोण? ज्याचं काम जमलं तो. छापलं कुणाचं जातं? ज्याचं नाव झालं त्याचं. तिसऱ्या वर्षी पीएचडी सोडून बँकेच्या परीक्षेला बसलेल्या मुलीचं आत्मचरित्र तुम्हाला दुकानात सापडणार नाही. म्हणजे आपण प्रेरणा घ्यायला जातो तो नमुनाच निवडक असतो, आणि त्यावर आपण आयुष्यातली पाच-सहा वर्षं लावायला निघालेलो असतो.

म्हणून माझा साधा नियम आहे. आत्मचरित्र एकटं वाचायचं नाही. त्याच माणसाबद्दल किंवा त्याच घटनेबद्दल दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कागदपत्रांवरून लिहिलेलं पुस्तक शेजारी ठेवायचं. दोन्ही वाचून झाली की मग मत बनवायचं. खाली अशा काही जोड्या सांगते. सगळीच पुस्तकं मला आवडलेली आहेत, पण कुठलंच मी डोळे झाकून हातात देणार नाही.

पहिली जोडी: डबल हेलिक्स, दोन बाजूंनी

जेम्स वॉटसनचं 'द डबल हेलिक्स' १९६८ साली आलं. डीएनएची रचना कशी सापडली याची ही गोष्ट. पुस्तक छोटं आहे, इंग्रजी सोपं आहे आणि एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही. संशोधन म्हणजे पांढरा कोट घालून गंभीरपणे सत्याचा शोध, ही शाळेतली कल्पना या पुस्तकाने मोडली. इथले शास्त्रज्ञ टेनिस खेळतात, पार्ट्यांना जातात, एकमेकांबद्दल कुजबुजतात, दुसऱ्याच्या आधी पेपर काढायला धडपडतात. हे सगळं खरंच असतं. कुठल्याही डिपार्टमेंटच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास उभे राहा, पटेल.

पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे वॉटसन स्वतःची फजितीही सांगतो. १९५१च्या नोव्हेंबरमध्ये तो लंडनला रोझलिंड फ्रँकलिनचं व्याख्यान ऐकायला गेला, नोट्स घेतल्या नाहीत, पाण्याच्या प्रमाणाचा आकडा चुकीचा लक्षात ठेवला आणि त्यावरून क्रिकबरोबर जे मॉडेल बांधलं ते फ्रँकलिनने बघताक्षणी मोडीत काढलं. सेमिनारला वही न घेता बसणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता दुसरी बाजू. पुस्तकाचं हस्तलिखित बघून क्रिक आणि विल्किन्स दोघांनीही जोरदार हरकत घेतली होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने माघार घेतली आणि शेवटी ते दुसऱ्या प्रकाशकाकडून आलं. हरकत न घेऊ शकलेली एकच व्यक्ती होती: फ्रँकलिन. ती १९५८ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, कर्करोगाने गेली होती. पुस्तकात ती 'रोझी' म्हणून येते. प्रत्यक्षात तिला त्या नावाने हाक मारलेली चालत नसे. चिडकी, आडमुठी, स्वतःच्याच डेटाचा अर्थ न कळणारी बाई असं तिचं चित्र आहे. वॉटसन प्रस्तावनेत सांगतो की ही त्याच्या तेव्हाच्या नजरेतून मांडलेली हकिकत आहे, आणि शेवटी उपसंहारात तिच्याबद्दलचं मत थोडं दुरुस्तही करतो. पण वाचकाच्या डोक्यात राहतं ते मधल्या दीडशे पानांतलं चित्र. उपसंहार कोण लक्षात ठेवतो?

म्हणून शेजारी ठेवा ब्रेंडा मॅडॉक्सचं 'रोझलिंड फ्रँकलिन: द डार्क लेडी ऑफ डीएनए' (२००२). मॅडॉक्सने फ्रँकलिनची घरच्यांना लिहिलेली पत्रं, प्रयोगाच्या नोंदी आणि सहकाऱ्यांच्या आठवणी वापरल्या आहेत. इथली फ्रँकलिन पॅरिसमध्ये रमलेली, डोंगर चढणारी, स्वयंपाक करून मित्रांना जेवायला बोलावणारी आहे, आणि कोळशाच्या संरचनेवर आधीच नाव कमावलेली आहे. किंग्ज कॉलेजमध्ये तिचं विल्किन्सशी का फाटलं, तर रुजू होताना कुणाचं काम काय हे दोघांना वेगवेगळं सांगितलं गेलं होतं. हे वाचताना ज्यांना दोन गाईडांच्या मध्ये काम करावं लागतं त्यांच्या पोटात गोळा येईल. मॅडॉक्सची मला आवडलेली गोष्ट अशी की ती फ्रँकलिनला देवीही करत नाही. तिचा तुसडेपणा जिथे होता तिथे सांगते.

या गोष्टीत एक पात्र आहे ज्याच्याकडे तुम्ही खास लक्ष द्या: रेमंड गॉस्लिंग. प्रसिद्ध 'फोटो ५१' १९५२च्या मे महिन्यात त्यानेच काढला. तो कोण होता? फ्रँकलिनच्या हाताखाली काम करणारा पीएचडीचा विद्यार्थी. आधी विल्किन्सकडे होता, मग फ्रँकलिनकडे दिला गेला, ती बर्कबेकला निघाल्यावर परत विल्किन्सकडे. तो फोटो विल्किन्सकडे पोचला तो या बदलीमुळे, आणि १९५३च्या जानेवारीत विल्किन्सने तो फ्रँकलिनच्या नकळत वॉटसनला दाखवला. "फोटो चोरला" असं एका वाक्यात सोशल मीडियावर फिरतं, पण खरी गोष्ट जास्त ओळखीची आहे. गाईड बदलला की डेटा कुणाचा? हा प्रश्न आजही तुमच्या-माझ्या लॅबमध्ये सुटलेला नाही.

आणि फ्रँकलिनची बाजू शेवटी कशामुळे उभी राहिली? तिच्या प्रयोगाच्या वह्यांमुळे. तिचा सहकारी ॲरन क्लूग याने 'द डबल हेलिक्स' आलं त्याच वर्षी, १९६८ साली, त्या वह्या तपासून 'नेचर'मध्ये लेख लिहिला आणि ती उत्तराच्या किती जवळ पोचली होती ते दाखवलं. तारीख घालून, नीट लिहिलेली लॅब नोटबुक. "रोज लिही, रोज लिही" असं सीनिअर का कटकट करतात ते आता कळलं असेल. २०२३ साली मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनिएल कम्फर्ट यांनी आणखी काही जुने कागद पुढे आणून 'नेचर'मध्येच मांडलं की फ्रँकलिनकडे फसवली गेलेली बिचारी म्हणून बघण्यापेक्षा या शोधातली बरोबरीची भागीदार म्हणून बघायला हवं. सत्तर वर्षं झाली तरी कागद बोलतायत.

अजून एक धोका. वॉटसन १९५१च्या शरद ऋतूत केंब्रिजला आला आणि १९५३च्या मार्चमध्ये मॉडेल तयार होतं. दीड वर्ष! आपल्याकडे तेवढ्या वेळात कोर्सवर्क, सिनॉप्सिस आणि रजिस्ट्रेशन होतं, तेही नशीब चांगलं असेल तर. हे पुस्तक वाचून "हुशार माणसाला दीड वर्ष पुरतं" असं डोक्यात बसलं, तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्ही स्वतःला नालायक समजायला लागाल. नका समजू. पीएचडी कशी चालते हे या पुस्तकातून कळत नाही. एका अपवादाची हकिकत म्हणून वाचा.

दुसरी जोडी: हरणाऱ्या बाजूला उभं राहणं

मराठीत शास्त्रज्ञाचं आत्मचरित्र म्हटलं की जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' पहिलं आठवतं. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. भाषा शांत आणि नीटनेटकी. बनारसला गणिताच्या प्राध्यापकाच्या घरातलं बालपण, मग केंब्रिज, मग टीआयएफआर, मग १९८८ साली पुण्यात आयुकाची उभारणी. एक संस्था शून्यातून कशी उभी राहते हे मराठीत इतक्या तपशिलात वाचायला मिळणं दुर्मीळ आहे. ज्यांना फक्त पेपर दिसतात, संस्था दिसत नाहीत, त्यांनी आयुकाचा भाग मुद्दाम वाचावा.

तुमच्या कामाचा भाग मात्र केंब्रिजचा. नारळीकर फ्रेड हॉईलचे विद्यार्थी. हॉईल हे स्थिर स्थिती सिद्धांताचे एक जनक: विश्व प्रसरण पावतं, पण त्याला सुरुवात नाही, नवीन पदार्थ निर्माण होत राहतो आणि एकूण चित्र तसंच राहतं. १९६१ साली मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी करून जाहीर केलं की अंधुक स्रोत अपेक्षेपेक्षा फार जास्त आहेत, म्हणजे पूर्वीचं विश्व आजच्यासारखं नव्हतं, म्हणजे स्थिर स्थिती चूक. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीला हॉईलना जाता येणार नव्हतं. बाजू मांडायला उभा राहिला तो त्यांचा २२ वर्षांचा विद्यार्थी. समोर राईल! आपण आरएसीच्या तीन ओळखीच्या सरांसमोर स्लाइड दाखवताना घाबरतो, त्यावरून अंदाज करा.

नारळीकरांचं पुस्तक वाचताना एक गोष्ट जाणवत राहते. ते स्वतःच्या मनातली खळबळ फार दाखवत नाहीत. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांचा वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुतेक विश्वशास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. त्यानंतर आयुष्यभर अल्पमतात राहून काम करणं आतून कसं असतं, हे मला त्यांच्याकडून अजून ऐकायचं होतं. ते संयमी आहेत. हा संयम लोभस आहे, पण वाचक म्हणून मी थोडी उपाशी राहिले.

ती भूक भागवायला हेल्गे क्राग यांचं 'कॉस्मॉलॉजी अँड कॉन्ट्रोव्हर्सी' (१९९६). क्राग हे डॅनिश विज्ञान-इतिहासकार. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी हा सिद्धांत मांडल्यापासून तो मागे पडेपर्यंतचा सगळा वाद त्यांनी मूळ पेपर आणि पत्रव्यवहारातून उलगडला आहे. पुस्तक जाड आहे आणि मधली काही प्रकरणं तांत्रिक आहेत. भौतिकशास्त्राचे नसाल तर ती खुशाल चाळा. पण यातून जे कळतं ते सोन्यासारखं आहे. सिद्धांत एका फटक्यात मरत नाही. राईल यांच्या सुरुवातीच्या मोजण्यांमध्ये खरंच मोठ्या चुका होत्या, त्यामुळे हॉईल गटाने शंका घेणं हा नुसता हट्ट नव्हता. पुढे मोजण्या सुधारल्या, क्वेसार आले, हेलियमचं प्रमाण आलं, पार्श्वप्रारण आलं, आणि पारडं हळूहळू झुकलं. आणि हरलेल्या सिद्धांताने मधल्या काळात निरीक्षकांना चांगले प्रश्न पुरवले. तारकांमध्ये मूलद्रव्यं कशी बनतात यावरचं हॉईलचं काम तर आजही उभं आहे.

ही जोडी मी का सुचवते? कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची हायपोथिसिस चुकीची निघणार आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. कुठे टिकून राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे मात्र शिकावं लागतं, आणि या दोन पुस्तकांना शेजारी ठेवलं की त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. नारळीकर, हॉईल आणि बर्बिज यांनी १९९३ साली सुधारित सिद्धांत पुन्हा मांडला. ती चिकाटी होती की हट्ट? दोन्ही पुस्तकं वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत अजून पक्कं होत नाही, आणि मला ते चालतं.

तिसरी जोडी: कच्चा डेटा आणि साफ केलेला डेटा

आता विज्ञान सोडून इतिहासाकडे येऊ. "आम्ही केमिस्ट्रीवाले, आम्हाला १८५७ कशाला?" असं म्हणू नका, कारण डेटावर संस्कार केल्याने काय होतं हे शिकायला मराठीत याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायचं म्हणून उत्तरेत निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, एवढाच हिशोब. साल १८५७. वाटेतच बंडाची बातमी आली आणि पुढे हा भिक्षुक माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला. मिळवलेले पैसे लुटले गेले, गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकिकत लिहून काढली. तीच 'माझा प्रवास'.

वाचायला हे पुस्तक भन्नाट आहे. लेखकाला कुठलीही बाजू सिद्ध करायची नाही. त्याला मुदपाकखाना दिसतो, दागिने दिसतात, बाजारभाव दिसतात, भीती दिसते. झाशी पडल्यानंतरच्या दिवसांचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, कारण लिहिणारा वीररस ओतत नाही, तो लपून बसलेला आणि तहानलेला आहे.

पण आता मेथडकडे बघा. पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं १९०७ साली, आणि वैद्यांनी छापताना भाषेत आणि मजकुरात बदल केले. लोक कित्येक वर्षं तीच आवृत्ती वाचत होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. म्हणजे एकाच डेटासेटच्या दोन आवृत्त्या: एक प्रोसेस केलेली, एक कच्ची. दोन्ही मिळाल्या तर कुठलंही एक प्रकरण घ्या आणि ओळीला ओळ लावून बघा. संपादकाने काय गुळगुळीत केलं ते शोधा. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे, आणि "प्रायमरी सोर्स" या शब्दाचा अर्थ जितका त्यातून कळतो तितका कुठल्याही वर्कशॉपमध्ये कळणार नाही.

मूळ प्रत म्हणजे अंतिम सत्य असंही समजू नका. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेला मजकूर आहे. मधल्या काळात माणूस हीच गोष्ट कितीदा तरी सांगत आलेला असतो, दुसऱ्यांकडून ऐकलेलं त्यात मिसळलेलं असतं. ते कळायला शेजारी इतिहासकार हवा. सुरेंद्रनाथ सेन यांचं 'एटीन फिफ्टी-सेव्हन' आणि रमेशचंद्र मजुमदार यांचं 'द सिपॉय म्युटिनी अँड द रिव्होल्ट ऑफ १८५७' ही दोन्ही शताब्दीच्या वर्षी, १९५७ साली आली. सेन यांचं सरकारच्या पुढाकाराने, मजुमदारांचं स्वतंत्रपणे. कागदपत्रं बरीचशी तीच, पण याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणावं का यावर वजन वेगवेगळ्या ठिकाणी पडतं. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर दोघांचा फक्त समारोप वाचा. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये "अमुक यांच्या मते... तमुक यांच्या मते..." अशी नुसती माळ लावायची सवय असेल, तर मतभेद नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं ते इथे दिसेल.

चौथी जोडी: मोठा माणूस आणि त्याच्या लॅबमधली मुलगी

ही जोडी वाचायला सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेची.

जी. वेंकटरामन यांचं 'जर्नी इन्टू लाइट' (१९८८) हे सी. व्ही. रामन यांचं भरभक्कम चरित्र. प्रकाशाच्या विकिरणावरचं काम इतकं छान समजावलं आहे की बीएस्सीची मुलंही वाचू शकतील. रामन यांची ऊर्जा, रंगांचं वेड, अहंकार, संस्थेतले वाद सगळं त्यात येतं. वाचा.

मग आभा सूर यांचं 'डिस्पर्स्ड रेडियन्स' (२०११) घ्या. जात, लिंगभाव आणि भारतातलं आधुनिक विज्ञान हा विषय. मेघनाद साहांवरही त्यात महत्त्वाचं लिखाण आहे. पण तुम्ही आधी रामन यांच्या प्रयोगशाळेतल्या स्त्रियांवरचं प्रकरण उघडा. तिथे ॲना मणी भेटतात. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी बंगळुरूला काही वर्षं काम केलं, एकटीच्या नावावर पेपर काढले, १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण? त्यांच्याकडे एमएस्सी नव्हती. काम होतं, पेपर होते, प्रबंध होता, एक कागद नव्हता. पुढे त्या पुण्याला हवामान खात्यात आल्या आणि देशातल्या हवामान उपकरणांच्या प्रमाणीकरणाचं आणि सौर प्रारण मोजण्याचं प्रचंड काम त्यांनी उभं केलं. त्या कायम डॉक्टरेटशिवायच राहिल्या.

आभा सूर यांचं पुस्तक शैलीने जड आहे. समाजशास्त्राची परिभाषा बरीच येते आणि विज्ञान शाखेच्या वाचकाला सुरुवातीची पानं चढण वाटेल. तिथे सोडू नका. ज्या प्रयोगशाळेबद्दल आपण अभिमानाने वाचतो, तिच्या आत वावरणाऱ्या मुलींना कोणाशी बोलता येत होतं, चर्चेत कुठे बसता येत होतं, हे प्रश्न पहिल्या पुस्तकाच्या मध्यभागी नाहीत. दुसऱ्या पुस्तकाचं सगळं वजन त्यांच्यावर आहे.

हे जड वाटलं तर रोहिणी गोडबोले आणि रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेलं 'लीलावतीज डॉटर्स' (२००८) हाताशी ठेवा. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांचे छोटे-छोटे लेख आहेत, एका बैठकीत चार-पाच होतात. कमला सोहोनींबद्दल (दुर्गा भागवतांची बहीण) तुम्ही ऐकलं असेल. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, मग अटी घालून दिला, आणि १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. त्यांची गोष्ट आपण "जिद्दीने जिंकली" म्हणून सांगतो. ती खरीच आहे. फक्त ती ॲना मणींच्या गोष्टीच्या शेजारी ठेवून सांगा. जिद्द दोघींकडे होती.

एक पुस्तक जरा उशिरा वाचा

'शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!' (१९८५) बहुतेकांच्या यादीत पहिलं असतं. मी ते शेवटी ठेवते. हे लिहिलेलं आत्मचरित्र नाही. फाइनमनने मित्राला, राल्फ लेटनला, वर्षानुवर्षं सांगितलेले किस्से आहेत, आणि किस्से सांगून सांगून गोटीसारखे गुळगुळीत झालेत. प्रत्येकात शेवटी फाइनमनच हुशार ठरतो. काही ठिकाणी बायकांबद्दल जे येतं ते आज वाचवत नाही. मजा येते, पण यात कंटाळा नाही, आणि कंटाळा नसलेलं संशोधन मी अजून पाहिलेलं नाही. जोडीला जेम्स ग्लीकचं 'जीनियस' (१९९२) वाचा. तिथे तोच माणूस काम करताना, अडकताना आणि दुःखात दिसतो.

आणि एक मराठी पुस्तक, ज्याला जोडी सापडली नाही तरी चालेल

धर्मानंद कोसंबी यांचं 'निवेदन' (१९२४). गोव्यातल्या साखवाळचा, शालेय शिक्षण धड न झालेला माणूस बुद्धाबद्दल 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात वाचतो आणि त्याच्या मागे घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश करत पाली शिकतो आणि शेवटी हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाच्या कामापर्यंत पोचतो. ना फेलोशिप, ना गाईड, ना लायब्ररी कार्ड. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणं कसं असतं ते वाचा आणि मग जेआरएफ तीन महिने उशिरा आली म्हणून चिडा (चिडायचंच, तो हक्क आहे). कोसंबी घर सोडल्यावर घरच्यांचं काय झालं, याची बोच पुस्तकात अधूनमधून डोकावते. ती सुटू देऊ नका. त्यांनी काम केलेली 'विसुद्धिमग्गा'ची ती हार्वर्ड आवृत्ती छापून आली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आपल्या पेपरला रिव्ह्यूअर सहा महिने लावतो तेव्हा मी हे आकडे आठवते.

वाचताना काय करायचं?

फार काही नाही. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन ओळी लिहा. घटना कधी घडली आणि लिहिलं कधी, मधलं अंतर किती? या गोष्टीत कोण हजर आहे पण बोलत नाही? लेखक जे सांगतोय ते तपासता येईल असा दुसरा कागद कुठला? पहिल्या जोडीत ही उत्तरं म्हणजे पंधरा वर्षं, फ्रँकलिन आणि गॉस्लिंग, आणि प्रयोगाच्या वह्या. बघा, झाला की सोर्स क्रिटिसिझम! हेच तुम्ही पुढे प्रत्येक पेपरला विचारणार आहात.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर: इंग्रजीची सवय असेल तर पहिली जोडी, मराठीतच वाचायचं असेल तर 'निवेदन' आणि 'माझा प्रवास'. मुलाखतीला "संशोधनात का यायचंय?" असं विचारतात तेव्हा पाठ केलेलं उत्तर देण्यापेक्षा यातल्या एखाद्या जोडीबद्दल बोला. समितीलाही बदल हवा असतो.

आणि पुस्तकं वाचून झाली की एक काम नक्की करा. ज्या लॅबमध्ये जायचं ठरवताय, तिथून पीएचडी अर्धवट सोडून गेलेल्या एखाद्या सीनिअरला गाठा आणि एक चहा पाजा. त्यांचं पुस्तक कुणी छापणार नाही. पण तुमच्या पाच वर्षांच्या निर्णयासाठी 'द डबल हेलिक्स'पेक्षा तो अर्धा तास जास्त कामाचा ठरू शकतो.

तुमच्या विषयातली अशी एखादी जोडी माहीत असेल तर जरूर कळवा. विशेषतः शेतकी, भूगर्भशास्त्र आणि गणित या विषयांतल्या जोड्या मला हव्या आहेत.